शून्य रेखावृत्ताचे कागद

१३ ऑक्टोबर १८८४ रोजी वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या दालनात, एकेका देशाचे नाव पुकारून मते घेण्यात आली. ठराव छोटा होता. ग्रीनिचच्या वेधशाळेतील याम्योत्तर दुर्बिणीच्या मध्यातून जाणारे रेखावृत्त हे रेखांश मोजण्यासाठी शून्य मानावे, एवढेच त्यात म्हटले होते. २२ देश बाजूने गेले, सान डोमिंगोने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. सान डोमिंगोचे प्रतिनिधी मानुएल दे हेसूस गाल्वान हे त्यांच्या देशाचे मोठे कादंबरीकार. स्पेनतर्फे ठरावाच्या बाजूने गेलेल्या प्रतिनिधी मंडळात हुआन बालेरा होते, तेही कादंबरीकारच. जगाच्या नकाशाचा आरंभबिंदू ठरवायला जमलेल्यांत आरमारी अधिकारी, खगोलशास्त्रज्ञ, राजदूत आणि साहित्यिक असे सगळेच होते.

या परिषदेचे इतिवृत्त इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत छापले गेले आणि ते आज सहज वाचायला मिळते. ते सलग वाचल्यावर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. खरा वाद ग्रीनिच की पॅरिस असा झालाच नाही. शून्य रेखावृत्त कोणत्याही मोठ्या राष्ट्राचे नसावे, तटस्थ असावे, हा फ्रान्सचा आग्रह होता आणि जोरदार भाषणे त्यावर झाली. ग्रीनिचचा ठराव पुढे आला तेव्हा निकाल जवळपास ठरलेलाच होता. तो कुठे ठरला, हे शोधायचे तर परिषदेच्या इतिवृत्तातून बाहेर पडून खलाशांच्या हातातल्या पुस्तकांकडे वळावे लागते. शंभराहून अधिक वर्षे मागे.

अक्षांशाला विषुववृत्ताचा आधार आपोआप मिळतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच आहे हे मोजले की आपण किती उत्तरेला आहोत ते कळते. रेखांशाला असा निसर्गदत्त आरंभ नाही, तो माणसांनी मानून घ्यायचा असतो. टॉलेमीने तो अटलांटिकमधल्या तेव्हाच्या ज्ञात जगाच्या पश्चिम टोकावर, 'भाग्यवान बेटां'वर धरला. आपल्याकडच्या सिद्धान्तकारांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांतून जाणारी रेषा मध्यरेखा मानली. भास्कराचार्यांच्या गणितातला देशांतराचा संस्कार याच रेषेपासून केला जातो. जहाजावरचा माणूस मात्र शास्त्रकारांचे फारसे ऐकत नव्हता. तो शेवटचे दिसलेले भूशिर धरी आणि तिथून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आलो, ते वेग आणि दिशा यांच्या अंदाजाने वहीत मांडत जाई. प्रवासाचा टप्पा बदलला की त्याचे शून्यही बदले.

फ्रान्सच्या तेराव्या लुईने १६३४ मध्ये हुकूम काढला, की फ्रेंच तांडेलांनी आणि नकाशेकारांनी कॅनरी बेटांतल्या सर्वांत पश्चिमेकडच्या फेरो बेटाच्या पश्चिम कडेपासूनच रेखांश मोजावेत. हे शून्य कोणत्याच राजधानीचे नव्हते, म्हणून त्याला पुढे तटस्थतेचा मान मिळाला. पण अठराव्या शतकाच्या आरंभी गियोम दलील या नकाशेकाराने सोयीसाठी फेरो पॅरिसच्या बरोबर २० अंश पश्चिमेला धरले आणि तीच प्रथा रूढ झाली. बेटाची पश्चिम कड प्रत्यक्षात सुमारे अर्धा अंश आणखी पलीकडे आहे. म्हणजे त्यानंतर युरोपभरच्या नकाशांवर 'फेरो' लिहिलेले असले, तरी आकडा पॅरिसचा होता, त्यात २० मिळवलेले एवढेच. हुकुमाने ठरवलेले शून्य शंभर वर्षेही मूळ जागी टिकले नाही.

ग्रीनिचच्या बाबतीत उलटे घडले. तिथे कोणी हुकूम काढला नाही. तिथून एक पुस्तक निघाले.

१७६७ सालासाठी नेव्हिल मॅस्केलिन या राजज्योतिषाने 'नॉटिकल अल्मनॅक'चा पहिला अंक तयार केला. प्रत्येक महिन्याला बारा पाने, आणि त्यांतली चार पाने एकाच गोष्टीला दिलेली : सूर्यापासून आणि ठरावीक ताऱ्यांपासून चंद्राचे कोनीय अंतर. दर तीन तासांचे आकडे. स्तंभांच्या माथ्यावर मध्यान्ह, तीन, सहा, नऊ, मध्यरात्र असे तास, आणि ते सगळे ग्रीनिचचे. त्यात घेतलेले तारे मराठी वाचकाला परके नाहीत. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण हे चंद्राच्या वाटेच्या आसपासचे ठळक तारे आपल्या पंचांगात ज्या कारणाने आले, त्याच कारणाने त्या पुस्तकातही आले.

ते वापरायचे कसे, हे एका उदाहरणाने पाहू. रत्नागिरीच्या पश्चिमेला, किनारा नजरेआड झालेल्या समुद्रात जहाज आहे. अधिकारी सेक्स्टंटने चंद्र आणि मघा यांच्यातला कोन मोजतो. त्याच सुमारास चंद्राची आणि ताऱ्याची क्षितिजापासूनची उंचीही घेतली जाते, कारण हवेने प्रकाश वाकतो आणि चंद्र जवळ असल्याने तो किंचित सरकलेला दिसतो. या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती केली की पृथ्वीच्या केंद्रातून दिसेल तो कोन हाती येतो. कोष्टकात पाहावे तर तो ग्रीनिचच्या दुपारच्या तीन आणि सहाच्या आकड्यांच्या मधोमध पडतो, म्हणजे तिथे तेव्हा साडेचार वाजले आहेत. जहाजावरची वेळ आकाशावरूनच काढलेली आहे, रात्रीचे ९ वाजून १८ मिनिटे. फरक ४ तास ४८ मिनिटांचा. एका तासाला १५ अंश, या हिशेबाने जहाज ७२ अंश पूर्वेला आहे.

कशाच्या पूर्वेला? ग्रीनिचच्या. हा प्रश्न खलाशाने स्वतःला विचारलाच नाही, कारण उत्तर कोष्टकातच बसवलेले होते. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. त्यामुळे कोन मोजताना एका कलेची चूक झाली तर रेखांशात अर्ध्या अंशाची होते, म्हणजे विषुववृत्तावर पन्नासहून अधिक किलोमीटरची. इतक्या नाजूक गणितात आलेला आकडा आणखी एकदा दुसऱ्या शहराच्या शून्यावर बदलून घेण्यात चुकीला एक नवी जागा मिळत होती. त्यापेक्षा नकाशाच ग्रीनिचपासून आखलेला घेणे शहाणपणाचे होते. माझ्या मते शून्य रेखावृत्ताचा निर्णय इथे झाला, नकाशाच्या टेबलावर आणि थकलेल्या माणसाच्या सोयीने.

ही कोष्टके कोणी काढली, याचे कागद केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ब्रिटनच्या सरकारी रेखांश मंडळाच्या दप्तरात आहेत. मॅस्केलिनने हे काम इंग्लंडमधल्या गावोगावच्या गणित्यांना घरबसल्या वाटून दिले होते. एकाच महिन्याचे गणित दोघांकडे जाई आणि तिसरा दोघांचे आकडे ताडून पाही. एका जोडीने एकमेकांचे उतरवून घेतल्याचे उघड झाले, तेव्हा दोघांनाही काढून टाकण्यात आले. या यादीत लडलो गावचे धर्मोपदेशक जॉन एडवर्ड्स यांचे नाव वर्षानुवर्षे दिसते. १७८४ मध्ये ते वारले आणि त्यांची पत्नी मेरी यांनी मंडळाकडे काम मागितले, तेव्हा कळले की पतीच्या नावावरचे बहुतेक गणित आधीपासून त्याच करीत होत्या. मग ते काम त्यांच्या नावावर आले. पुढे त्यांची मुलगी एलायझा हिने ते चालवले. १८३२ मध्ये सगळे काम लंडनच्या कचेरीत एकवटले आणि ते तिच्या हातून गेले. वॉशिंग्टनच्या ठरावात ज्या आकड्यांच्या वजनाने ग्रीनिचचे पारडे खाली गेले, त्यांतले कितीतरी लडलोच्या एका घरात, दोन स्त्रियांनी मांडले होते. शून्य रेखावृत्ताच्या इतिहासात त्यांची नावे यायलाच हवीत.

पुस्तक इंग्लंडबाहेर गेले. फ्रान्सच्या सरकारी पंचांगाने, 'कोनेसान्स दे तां'ने, १७७० च्या दशकात चंद्राच्या अंतरांची ही कोष्टके ग्रीनिचच्या तासांसकट छापायला सुरुवात केली. पॅरिसच्या अभिमानापेक्षा फ्रेंच जहाजांची सुरक्षितता त्याचे संपादक लालांद यांना मोठी वाटली, आणि ते योग्यच होते. १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला : खगोलशास्त्रासाठी वॉशिंग्टनच्या वेधशाळेचे रेखावृत्त, नौकानयनासाठी ग्रीनिचचे. या एका वाक्याचे महत्त्व मला फार वाटते. स्वातंत्र्ययुद्ध करून वेगळे झालेले राष्ट्र आपल्या आकाशाला स्वतःचे शून्य देते आणि समुद्रावर मात्र जुन्या शत्रूचेच कायम ठेवते, तेही कायद्याने. पुढे १८७१ च्या अँटवर्पच्या भूगोल परिषदेनेही हाच भेद मान्य केला. समुद्राच्या नकाशांना ग्रीनिच, जमिनीच्या नकाशांना ज्याचे त्याला.

महाराष्ट्रातही हे पुस्तक वेगळ्या वाटेने पोचले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी जुन्या करणग्रंथांतली ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नाही हे पाहून नवे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी किंवा केरोपंती पंचांग म्हणून ओळखले गेले आणि त्याचे गणित 'नॉटिकल अल्मनॅक'वरून होत असे. खलाशांसाठी काढलेल्या चंद्राच्या आकड्यांवरून इथल्या घरांत एकादशी आणि ग्रहणे पाहिली जाऊ लागली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या इतिहासात या पंचांगाची दखल घेतली आहे.

१८८३ मध्ये रोममध्ये भूमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रीनिचची शिफारस केली आणि त्या बदल्यात ब्रिटनने मीटर स्वीकारण्याच्या दिशेने पाऊल टाकावे अशी आशा व्यक्त केली. वॉशिंग्टनला जमलेल्यांच्या मनात ही देवाणघेवाण होती. स्पेनने आपले मत तिच्याशी जोडले. ब्रिटन मीटर करारात सामील होत असल्याची माहिती जनरल रिचर्ड स्ट्रेची यांनी दिली. हे स्ट्रेची भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळाचे, म्हणजे इंडिया कौन्सिलचे सदस्य होते. भारताचा आवाज तिथे पोचला तो असा, परस्पर.

परिषदेतला सगळ्यात बोलका कागद कॅनडाच्या सँडफर्ड फ्लेमिंग यांचा. जगातली जहाजे कोणते शून्य वापरतात याचा तक्ता त्यांनी मांडला. ग्रीनिच वापरणारी जहाजे ६५ टक्के, आणि मालवाहू क्षमतेने ७२ टक्के. त्यामागे पॅरिस, १० आणि ८ टक्के. मग कादिझ, नेपल्स, क्रिस्तियानिया, फेरो, पुल्कोवा अशी लहान लहान हिश्शांची यादी. हा तक्ता वाचताना मांडणाऱ्याचा हेतू ध्यानात घ्यायला हवा. फ्लेमिंग यांना खुद्द ग्रीनिच नको होते. त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचे, १८० अंशांवरचे पॅसिफिकमधले रेखावृत्त शून्य धरावे, म्हणजे कोष्टकेही बदलावी लागत नाहीत आणि कोणाचा मानही दुखावत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दुरुस्तीला ब्रिटिश प्रतिनिधी मंडळातल्या सहकाऱ्यांनीच साथ दिली नाही. त्यांपैकी जॉन काउच अॅडम्स यांनी तसे उघड सांगितले. आकड्यांच्या खरेपणाला यामुळे बळच मिळते, कारण ते ग्रीनिचच्या वकिलाने दिलेले नव्हते.

फ्रान्सची बाजू ज्यूल जान्सेन यांनी मांडली. मोठा माणूस. १८६८ चे सूर्यग्रहण पाहायला ते आपल्याकडे गुंटूरला आले होते, आणि १८७० मध्ये वेढ्यात सापडलेल्या पॅरिसमधून दुसऱ्या ग्रहणासाठी बलूनमधून बाहेर पडले होते. शून्य रेखावृत्त युरोप किंवा अमेरिका यांपैकी कोणताही मोठा खंड कापणारे नसावे, ते बेरिंगच्या सामुद्रधुनीतून किंवा अझोर्सवरून जावे, त्यासाठी पॅरिसवर पाणी सोडायला फ्रान्स तयार आहे, असे ते म्हणाले. तत्त्व म्हणून मला त्यांचे म्हणणे आजही पटते. पण अमेरिकेच्या सॅम्पसन यांचा आक्षेप निरुत्तर करणारा होता : शून्य रेखावृत्तावर उत्तम वेधशाळा हवी आणि तिला तारायंत्राची जोड हवी, म्हणजे ते रोज पडताळता येईल. बेरिंगमधले शून्य शेवटी कुठल्यातरी वेधशाळेपासूनचे अंतर म्हणूनच सांगावे लागणार होते. तटस्थतेच्या ठरावाला तीन मते मिळाली : फ्रान्स, ब्राझील, सान डोमिंगो.

ग्रीनिच म्हणजे तरी नेमकी कोणती रेषा? ठरावात दुर्बीण नमूद करावी लागली, कारण तिथेही रेषा एकच नव्हती. ठरावातली ही दुर्बीण राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांची, ती १८५१ पासून कामात आली. ती आधीचे राजज्योतिषी ब्रॅडली यांच्या जुन्या रेषेच्या काही मीटर पूर्वेला होती आणि हा फरक नगण्य म्हणून सोडून दिला गेला. आज उपग्रहांवर आधारलेले शून्य एअरीच्या रेषेच्याही १०२ मीटर पूर्वेला पडते.

परिषदेचे ठराव कोणावरही बंधनकारक नव्हते. फ्रान्सने १९११ मध्ये घड्याळे बदलली तेव्हा कायद्यात ग्रीनिचचे नाव येऊ दिले नाही. फ्रान्सची कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसच्या मध्यम वेळेतून ९ मिनिटे २१ सेकंद वजा करून येणारी वेळ, असे त्यात लिहिले. खगोलशास्त्राचा आणि नौकानयनाचा दिवसही मध्यरात्रीपासून मोजावा, ही वॉशिंग्टनची आणखी एक इच्छा होती आणि तिला परिषदेत कोणी विरोध केला नाही. पण 'नॉटिकल अल्मनॅक'ची पाने जुन्या पद्धतीने मध्यान्हापासूनच दिवस मोजत राहिली. ती बदलली १९२५ च्या अंकात, ठरावानंतर चाळीस वर्षांनी. त्या बदलापायी खगोलीय गणनेतला ३१ डिसेंबर १९२४ हा दिवस दुपारी बाराला सुरू होऊन त्याच मध्यरात्री, बारा तासांतच, संपवावा लागला.