दोन गुंजांची चांदी : पुण्याच्या भावनगर दुर्बिणीची आणि तिच्या आरशाची गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्याचे अकोले, संगमनेर आणि पारनेर हे तालुके ज्या जुन्नर तालुक्याला भिडतात, त्या जुन्नर-घोडेगावच्या डोंगराळ मुलखात गिरवली येथे ‘आयुका’ची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. मात्र या प्रदेशातील मोठ्या आरशांचा इतिहास त्याच्या सव्वाशे वर्षे आधी सुरू होतो. त्या इतिहासात काचेइतकेच महत्त्व काचेवरच्या चांदीला आहे.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. तेथील तरुण अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना वर्णपटाच्या अभ्यासासाठी महाराजांनी ५,००० रुपये दिले आणि सरकारनेही तेवढीच भर घातली. १८८५ मध्ये नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या ‘सीओईपी’मध्ये, आले. १८८८ मध्ये तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा पूर्ण झाली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली होती. पुढे २० इंच व्यासाची म्हणून ओळखली गेलेली ही दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

येथे थोडे थांबून आरसा समजून घेतला पाहिजे. घरातल्या आरशात चकाकी काचेच्या मागे असते आणि पुढची काच तिचे रक्षण करते. दुर्बिणीत असे चालत नाही, कारण काचेतून जाता-येता प्रकाश बिघडतो. म्हणून मुलामा काचेच्या पुढच्या अंगावर, उघड्या हवेत असतो. काच केवळ आकार धरून ठेवते. परावर्तनाचे काम चांदीचा थर करतो. हा थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो. २० इंची आरशासाठी हिशेब मांडला, तर काचेवर प्रत्यक्ष बसणारी चांदी दोन गुंजांहूनही कमी भरते!

त्याआधीचे आरसे आख्ख्या धातूचे असत. तांबे आणि कथील यांचा तो ठिसूळ मिश्रधातू नवा असतानाही पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम ६० ते ६५ टक्के भाग परत पाठवी. असे दोन आरसे लागले की निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच गडप होई. खरी अडचण मात्र काळवंडण्याची होती. धातूचा आरसा निस्तेज झाला की तो पुन्हा घासावा लागे, आणि घासताना मोठ्या कष्टाने साधलेली वक्रता बिघडे. मेलबर्नचे उदाहरण बोलके आहे. १८६९ मध्ये तेथे ४८ इंची दुर्बीण बसली. ती डब्लिनच्या याच ग्रब घराण्यातील थॉमस ग्रब यांनी घडवली होती. प्रवासासाठी आरशावर लाखेचा लेप दिला होता. तो काढताना झिलईच गेली. पुन्हा झिलई करणारे हात आयर्लंडमध्ये आणि दुर्बीण ऑस्ट्रेलियात! त्या दुर्बिणीची अपकीर्ती झाली, ती प्रामुख्याने या आरशामुळे.

तोवर युरोपात उपाय निघालेला होता. १८५६-५७ च्या सुमारास म्युनिकमध्ये स्टाइनहाइल आणि पॅरिसमध्ये फुको यांनी काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचे आरसे केले. ताजी चांदी दृश्य प्रकाशाचा सुमारे ९५ टक्के भाग परतवते. ती काळवंडली तर नत्राम्लाने धुऊन काढायची आणि नवी चढवायची. काचेच्या वक्रतेला धक्का लागत नाही. कल्हई उडालेले भांडे कल्हईवाल्याकडे द्यावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की हा कल्हईवाला बहुधा स्वतः खगोलशास्त्रज्ञच असे.

काम मात्र नाजूक होते. चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया घालायचा. तपकिरी साका धरतो, तो विरघळेपर्यंत थेंबथेंब. मग दाहक पोटॅश आणि शेवटी साखरेचे द्रावण. मिश्रण काळपट होते आणि काही मिनिटांत काचेवर चांदी उतरू लागते. बोटाचा किंचित स्निग्धपणा काचेवर राहिला, तर तेथे डाग पडतो. हवा उष्ण असेल, तर क्रिया घाईने होऊन थर कच्चा राहतो. म्हणून द्रावणे बर्फात थंड करीत. उरलेले द्रावण ठेवून देणे तर जिवाशी खेळ, कारण सुकल्यावर ते स्फोटक बनते. पुण्याचा चैत्र-वैशाख, त्यामागून येणारा दमट पावसाळा आणि धुरातले गंधक पाहता, तेथे चांदी राखणे लंडनहून सोपे नक्कीच नसणार.

तरीही पुण्यात भरीव काम झाले. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियमची आहे, असे नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे होते. ती रेषा स्वच्छ आणि रेखीव दिसते, असे नायगमवालांनी १८९१ च्या सुमारास दाखवले आणि तो दावा दुबळा ठरला. गुलाम देशातील अध्यापकाने साम्राज्याच्या नामांकित शास्त्रज्ञाला दिलेले हे उत्तर आज फारसे कोणाला ठाऊक नाही, हे खटकते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे तळ ठोकला होता.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमणे सरकारला जमले नाही की करायचे नव्हते, हा प्रश्न उरतोच.

दरम्यान चांदीचेही दिवस भरले. १९३० च्या दशकात अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसवली. १९३५ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची आरशावरही अ‍ॅल्युमिनियम चढले. दृश्य प्रकाशात ते चांदीपेक्षा थोडे उणे, सुमारे ९० टक्के. पण त्यावर लगेच बसणारा ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा त्याचे रक्षण करतो, आणि चांदी जेथे निकामी ठरते त्या अतिनील किरणांतही ते काम देते. धूळ आणि दमट हवा यांमुळे तेही मंदावते. म्हणून मोठ्या वेधशाळा आरसा ठरावीक काळाने उतरवतात, जुना थर रसायनाने धुतात आणि नवा चढवतात. तमिळनाडूतील कावलूरच्या २.३४ मीटर आरशासाठी तर ही यंत्रणा वेधशाळेतच आहे.

२ मीटर व्यासाच्या आरशावर एका वेळी बसणारे अ‍ॅल्युमिनियम एक ग्रॅमसुद्धा नसते. पुण्याहून गेलेली दुर्बीण आजही भावनगर दुर्बीण म्हणूनच ओळखली जाते.