डोंबिवलीच्या स्थानकावरची संख्या

१/ १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या उलट वाचली तरी तीच राहते. नऊ एक्के ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला की ती मिळते. दहावा एक्का जोडताच हातचा येतो आणि ही सममिती मोडते.

२/ या कुळातील संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो हे आजच्या डोंबिवलीचे जुने नाव. त्या स्थानकावर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना ही कल्पना सुचली.

३/ या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. असा गुण असलेल्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणाऱ्या.

४/ १९०५ मध्ये डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. बरेचसे लेखन त्यांनी पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापले.

५/ १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. मात्र 'हर्षद' हा त्यांनी दिलेला शब्द आज जगभरच्या संख्या-सिद्धान्तात जसाच्या तसा रूढ आहे.