इनाम कमिशन आणि रुपयामागे पाच आणे

बेळगाव-धारवाडकडच्या जुन्या इनामदार घरांत कधीकधी 'समरी सेटलमेंट'ची सनद निघते. लोक ती राजाने दिलेली बक्षिसी समजून जपतात. खरं तर ती सरकारशी झालेल्या साऱ्याच्या भांडणाची तडजोड!

भांडण असं : पेशवाईत माफ असलेला सारा कंपनीने माफ ठेवायचा की नाही? १८४३ पासून आपल्या भागात चौकशी सुरू झाली. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला पक्कं बळ मिळालं. हक्क शाबीत करायचा इनामदाराने. अपील कुणाकडे? मुंबई सरकारकडेच, म्हणजे सारा मागणाऱ्याकडेच! बरं, पुण्याचं पेशवे दप्तरही सरकारच्याच ताब्यात. घरची सनद वाळवीने खाल्ली असेल तर माणसाने दाखवायचं काय?

१८६३ च्या २ ऱ्या कायद्याने वाट काढली. पुरावा नको, आकाराच्या रुपयामागे ४ आणे जुडी आणि १ आणा नजराणा दरसाल भरा, जमीन वंशपरंपरा तुमची, विकायलाही मोकळीक. १०० रुपये आकाराला ३१ रुपये ४ आणे. हे नको असेल त्याने कागद घेऊन चौकशीला उभं राहावं. चाकरीच्या वतनांना मात्र ही सवलत नव्हती.

माझ्या मते हा सौदा कच्च्या कागदवाल्याला स्वस्त पडला, पक्क्या सनदेच्या धन्याला महाग. तरी वर्षानुवर्षं कचेरीत खेटे घालण्यापेक्षा ५ आणे परवडले, असं म्हणणारेही असणारच. घरात अशी सनद असेल तर आधी जुडीचा आकडा बघा.