'विकत घेणे' की 'परवाना घेणे' : व्हिडिओ गेमच्या प्रतीचा इतिहास

दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आणण्याचे जे नाना प्रकार लोकव्यवहारात रूढ आहेत, ते मराठी भाषेने मोठ्या काटेकोरपणे वेगवेगळे ठेवले आहेत. विकत घेतलेली वस्तू परत करावयाची नसते. भाड्याने घेतलेली करावयाची असते. मागून आणलेले पुस्तक तेच्या तेच परत द्यावे लागते. उसने आणलेले पीठ मात्र तेवढेच पण दुसरे दिले म्हणजे फिटते. यांपैकी प्रत्येक क्रियापदामागे देणाराघेणाऱ्यांच्या हक्कांची एक निश्चित मांडणी असते आणि बोलणाराला ती कोणी शिकवावी लागत नाही. स्वत्व हे केवळ शास्त्रावरून कळणारे नसून लोकव्यवहारावरून कळणारे आहे, हे मिताक्षराकार विज्ञानेश्वराचे मत प्रसिद्धच आहे. 'यथेष्ट विनियोग', म्हणजे वस्तू वापरावी, ठेवावी, द्यावी, विकावी अथवा मोडून टाकावी ही मोकळीक, हे स्वत्वाचे लक्षणही त्याच परंपरेतले. व्हिडिओ गेमच्या व्यापारात गेल्या चार दशकांत 'विकत घेणे' हे क्रियापद कायम राहिले आणि त्याच्या पोटातील यथेष्ट विनियोग हळूहळू नाहीसा झाला. ही घटना कशी घडली हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खेळ तबकडीवर घ्यावा की इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, हा प्रश्न सामान्यतः सोयीचा प्रश्न म्हणून विचारला जातो. घरातील जागा, इंटरनेटचा वेग, किमतीतील सूट, जुनी प्रत विकून येणारे चार पैसे, असा हिशेब त्यात मांडला जातो. हा हिशेब खोटा नव्हे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे तबकडी घेणे हे मालकी घेणे होय आणि उतरवून घेणे हे मालकी सोडणे होय. इतिहास या गृहीताला पूर्णतः पाठिंबा देत नाही.

घरी खेळावयाच्या यंत्राला बदलता येणारी खेळांची कॅसेट प्रथम जोडली ती १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनेल एफ' या यंत्राने. पुढील वर्षी आलेल्या अटारीच्या यंत्राने ती पद्धत लोकप्रिय केली. 'कॅसेट' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. या वस्तूत फीत नसते, स्मृतीचिप असते; तरीही निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' (१९८३) यंत्राच्या खेळांना जपानी बोलीत 'कासेत्तो' म्हणत, आणि त्याच यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकात भारतात आल्या तेव्हा मराठी घरांतील मुलांनीही त्या वस्तूस कॅसेटच म्हटले. गाण्यांची कॅसेट जशी शेजाऱ्याला देता येते, तशीच हीदेखील देता येते, हा भाव त्या नावात आपोआप आला होता. मुले कॅसेटींची अदलाबदल करीत. त्यासाठी कोणाची परवानगी लागते, ही कल्पनाच कोणास शिवली नव्हती.

पण त्याच काळी दुसरा प्रवाहही सुरू झालेला दिसतो. अटारीच्या यंत्रासाठी १९८३ मध्ये अमेरिकेत 'गेमलाइन' ही सेवा निघाली. टेलिफोनच्या तारेवरून खेळ एका विशेष कॅसेटच्या स्मृतीत उतरत असे आणि काही थोड्या डावांपुरताच तेथे राहत असे. ती सेवा लवकरच बुडाली. तिच्या अवशेषांतून पुढे 'अमेरिका ऑनलाइन' ही कंपनी उभी राहिली, ही गोष्ट वेगळी. सांगावयाचे एवढेच की, खेळ तारेवरून येणे ही इंटरनेटच्या युगाची देणगी नव्हे. ते कॅसेटचे जवळजवळ समवयस्क आहे.

यापेक्षाही बोधप्रद उदाहरण निन्टेंडोच्या 'डिस्क सिस्टिम'चे आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानात निघालेल्या या जोडयंत्रात कॅसेटऐवजी पिवळी चौकोनी डिस्क घालावयाची असे. दुकानांतून यंत्रे ठेवलेली असत. मुलाने आपली डिस्क न्यावी, ५०० येन द्यावेत आणि तिच्यावर नवा खेळ लिहवून घ्यावा. जुना खेळ त्याबरोबर पुसला जाई. या सेवेला जपानीत 'काकिकाए' म्हणजे 'पुनर्लेखन' असे म्हणत. नवी कॅसेट याच्या कितीतरी पट महाग असल्यामुळे हा सौदा मुलांच्या खिशाला परवडणारा होता. भाषेच्या दृष्टीने हा व्यवहार मोठा प्रामाणिक होता असे म्हणावे लागेल. येथे कोणी खेळ 'विकत घेतला' असे म्हणत नव्हते. डिस्क मुलाची, तिच्यावरील मजकूर तात्पुरता. आपल्याकडील धूळपाटीशी याचे साम्य आहे : पाटी ज्याची त्याची, अक्षरे पुसण्यासाठीच लिहिलेली. दुकानांतील यंत्रे हळूहळू उठली. तरीही निन्टेंडोने स्वतः ही पुनर्लेखनाची सेवा २००३ पर्यंत चालू ठेवली. वस्तू हातात असणे आणि कृती मालकीची असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे १९८६ मध्येच उघड झाले होते.

मालकीचा खरा झगडा झाला तो जुन्या प्रतींच्या बाजारावरून. येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेचा खटला आला. तिने 'द कॅस्टअवे' या कादंबरीत अशी सूचना छापली होती की, एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकल्यास तो हक्कभंग समजला जाईल. मेसी या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला : प्रत एकदा विकली गेली म्हणजे तिच्या पुढील विक्रीवर प्रताधिकारधारकाचा ताबा राहत नाही. पुस्तकात छापलेली सूचना खरेदीचे रूप पालटू शकत नाही, हा या निकालाचा अर्थ. पुढील वर्षीच्या कायद्यात हे तत्त्व समाविष्ट झाले. जुन्या पुस्तकांची दुकाने आणि वाचनालये यांचा कायदेशीर पाया अमेरिकेत हाच आहे.

जपानात हा प्रश्न एका नामाच्या अर्थावर येऊन ठेपला. तेथील प्रताधिकार कायद्याने चित्रपटाला 'हानपुकेन' म्हणजे वितरणाधिकार दिलेला आहे. चित्रपटाच्या थोड्या प्रती चित्रपटगृहांतून फिरत असत आणि त्यांच्या प्रत्येक फेरीवर निर्मात्याचे नियंत्रण राहावे, हा त्यामागील हेतू. १९८४ मध्ये 'पॅकमॅन' या खेळाच्या खटल्यात टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने व्हिडिओ गेम हा चित्रपटसदृश कृतीत मोडतो असे ठरविले. तेथे प्रश्न अनधिकृत नकलांचा होता आणि त्या संदर्भात ते वर्गीकरण सोयीचे ठरले. पण एकदा वस्तूला नाव दिले की त्या नावाचे सर्व गुणधर्म तिच्यामागोमाग येतात. १९९० नंतरच्या दशकात खेळांच्या निर्मात्यांनी असा दावा मांडला की, खेळ जर चित्रपट आहे, तर त्याची जुनी प्रत आमच्या अनुमतीवाचून विकणे हा वितरणाधिकाराचा भंग होय. १९९९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने, तर ओसाकाच्या न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. एकाच वर्षात, एकाच कायद्याखाली, एकाच शब्दाचे दोन अर्थ! अखेर २५ एप्रिल २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, खेळ चित्रपटसदृश असला तरी जनतेला विकलेल्या प्रतीवरील हा अधिकार पहिल्या विक्रीबरोबर संपुष्टात येतो. चित्रपटगृहांत फिरणारी रिळे आणि मुलाच्या दप्तरातील कॅसेट यांत जो भेद सामान्य माणसाला प्रथमदर्शनी दिसतो, तो न्यायसंस्थेला दिसण्यास अठरा वर्षे लागली.

दुकानदारांचा हा विजय मात्र अल्पायुषी ठरला, आणि तोही एखाद्या उलट निकालामुळे नव्हे. नोव्हेंबर २००४ मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा 'हाफ-लाइफ २' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो दुकानात तबकडीवर मिळत होता. पण तबकडी संगणकात घातल्यावर कंपनीच्या 'स्टीम' या सेवेवर खाते उघडून खेळ त्या खात्याशी बांधल्यावाचून तो चालत नसे, आणि एकदा बांधलेला खेळ सोडविता येत नसे. जर्मनीतील ग्राहकसंघटनांच्या महासंघाने याविरुद्ध दाद मागितली. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये जो निर्णय दिला तो तर्कदृष्ट्या निर्दोष आणि परिणामदृष्ट्या चमत्कारिक आहे : तबकडी विकण्यास मालक मोकळा आहे, मात्र खाते दुसऱ्यास देण्याची मनाई कंपनी करू शकते. खात्यावाचून तबकडीचा उपयोग कोणता, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. कुलूप विकण्याची मुभा, पण किल्ली देण्याची नाही, असा हा प्रकार होय. या इतिहासाचा खरा सांधा येथे आहे. मालकी गेली ती तबकडी नाहीशी झाली म्हणून नव्हे. ती गेली तबकडी हातात असतानाच.

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एक्सबॉक्स वन' यंत्रासाठी हीच व्यवस्था आणण्याचा घाट घातला. दर चोवीस तासांतून एकदा यंत्राने कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधावा, आणि तबकडी दुसऱ्यास देणे प्रकाशकाच्या मर्जीवर राहावे, अशी ती योजना होती. सोनी कंपनीने तिची चेष्टा करणारी अगदी छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातात खेळाची डबी ठेवतो, एवढेच तीत होते. लोकांचा रोष इतका झाला की, १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टला माघार घ्यावी लागली. या माघारीचा गाजावाजा पुष्कळ झाला. तथापि त्याच पिढीच्या यंत्रांत, सोनीच्या यंत्रातदेखील, खेळ तबकडीवरून न चालता आधी यंत्राच्या साठ्यात उतरवावा लागे आणि तबकडी केवळ खुणेची चिठ्ठी म्हणून आत ठेवावी लागे. २०२० मध्ये सोनीने आपले पुढील यंत्र तबकडीच्या खाचेसह आणि खाचेविना अशा दोन रूपांत विक्रीस आणले, तेव्हा निवड ग्राहकावर सोपविली असे दिसले. खाचेविना यंत्र स्वस्त होते. पण ते घेणाऱ्याने जुन्या प्रतींच्या बाजाराला त्याच क्षणी रामराम ठोकलेला असे.

युरोपात दरम्यान दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न झाला. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये 'यूज्डसॉफ्ट' खटल्यात, मुदतीविना परवाना देऊन मोबदला घेऊन संगणकप्रणाली उतरवू देणे ही विक्रीच होय, असे म्हटले. नाव परवान्याचे असले तरी व्यवहार विक्रीचा, हे १९०८ च्या निकालाशी सुसंगत होते. त्या आधाराने पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्टीमवरील खेळ ग्राहकाला पुन्हा विकता आले पाहिजेत असा निकाल दिला. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फिरविला. कारण पुन्हा नामाचेच : व्हिडिओ गेम ही निव्वळ संगणकप्रणाली नसून चित्र, संगीत, कथा यांनी युक्त अशी संमिश्र कृती आहे, म्हणून प्रणालीचा नियम तिला लागू नाही. जपानात खेळ चित्रपट ठरूनही ग्राहक जिंकला. फ्रान्समध्ये तो निव्वळ प्रणाली न ठरल्यामुळे ग्राहक हरला. वर्गीकरण हा भाषेतील निरुपद्रवी व्यापार आहे असे मानणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचावेत.

प्रत नाहीशी होण्याचे परिणाम या अवधीत दिसू लागले होते. 'स्कॉट पिलग्रिम' या चित्रकथेवरील २०१० चा खेळ केवळ उतरवून घेता येत असे. डिसेंबर २०१४ मध्ये तो विक्रीतून काढला गेला आणि २०२१ मध्ये नव्याने निघेपर्यंत बाजारात दिसेनासा झाला. २०१४ मध्ये फुकट वाटलेला 'पी. टी.' हा छोटा खेळ पुढील वर्षी अशा रीतीने मागे घेतला गेला की, ज्यांच्या यंत्रात तो आधीच होता त्यांच्याकडेच तो उरला. आपल्याकडील पोथ्यांच्या इतिहासात एखाद्या ग्रंथाची एकच प्रत एखाद्या मठात किंवा वाड्यात सापडल्याची उदाहरणे आहेत; पण ती पोथी मालकाच्या घरातून परस्पर पुसून टाकण्याची शक्ती मूळ लेखकाच्या हातात नव्हती. दुसऱ्या बाजूस हेही नमूद केले पाहिजे की, उतरवून घेणे म्हणजे परावलंबन असे समीकरण अपरिहार्य नाही. २००८ पासून चालू असलेले 'जीओजी' हे दुकान खेळांची अशी स्थापनासंचिका देते की, ती एकदा साठवून ठेवल्यावर सर्व्हरची गरज पडत नाही. ही तबकडीवाचूनची प्रत, 'हाफ-लाइफ २'च्या तबकडीपेक्षा प्रत या नावाला अधिक पात्र आहे.

याउलट युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये तबकडीवरही विकला गेला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळण्याचा भागही सर्व्हरवर अवलंबून असल्याने तबकड्या त्या दिवसापासून निरुपयोगी झाल्या. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ निघाली आणि युरोपीय संघाकडे पाठविलेल्या तिच्या निवेदनाने २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात ग्राहकांनी खटला भरला तेव्हा, ग्राहकाने खेळ नव्हे तर परवाना घेतला होता आणि तसे वेष्टनावर छापलेले होते, असा बचाव कंपनीने मांडला. कादंबरीत छापलेल्या सूचनेने १९०८ मध्ये जे साधले नव्हते, ते खेळाच्या वेष्टनावरील सूचनेने शंभर वर्षांनी साधावे अशी ही अपेक्षा होती.

त्याच राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. हा कायदा ग्राहकाला मालकी देत नाही, सर्व्हर चालू ठेवण्यास भाग पाडीत नाही; तो केवळ शब्दाला हात घालतो. मागे घेता येण्याजोगा परवाना विकणाऱ्याने, तो परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्यावाचून, 'विकत घ्या' या अर्थाचे क्रियापद वापरू नये, असे त्याने म्हटले. कायमची साठवून सर्व्हरवाचून वापरता येईल अशी प्रत देणाऱ्यास ही अट नाही. लोकव्यवहारातील अर्थ हाच क्रियापदाचा अर्थ, हे येथे विधिमंडळाने मान्य केले.

जून २०२५ मध्ये निन्टेंडोच्या 'स्विच २' या यंत्राबरोबर 'गेम-की कार्ड' हा नवा प्रकार आला. कार्ड दुकानात मिळते, डबीत येते, दुसऱ्यास विकता येते; मात्र त्यात खेळ नसतो. खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि कार्ड यंत्रात घातल्याखेरीज तो चालत नाही. जपानचे राष्ट्रीय संसद-ग्रंथालय २००० सालापासून डबीबंद व्हिडिओ गेमच्या प्रती कायद्यान्वये जमा करून घेत आले आहे. या कार्डात मजकूर नसल्यामुळे ते संग्रहास पात्र नाही, अशी भूमिका ग्रंथालयाने घेतली.