कमान, किंगपिन आणि एक पुस्तक

१९ जानेवारी १८३९ रोजी इंडियन नेव्हीच्या कॅप्टन हेन्सने एडन घेतलं आणि अरबस्तानाच्या टोकावरचं ते बंदर मुंबई इलाख्याच्या कारभारात आलं. नव्वदहून अधिक वर्षं तिथला हिशेब मुंबईला येत होता. ह्याच हेन्सला पुढे तिजोरीतल्या तुटीपायी मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षं काढावी लागली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९३७मध्ये एडन इंग्लंडच्या थेट ताब्यातली वसाहत झाली आणि आपला संबंध संपला.

मला सांगायचं आहे ते मात्र दुसऱ्याच हेन्सबद्दल. मराठीत दोघांचं आडनाव सारखंच लिहावं लागतं, इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे. जॉन हेन्सचा जन्म १९३८चा, सिलोनमधला. शाळेत असतानाच त्याने ऑस्टिन सेव्हन ह्या स्वस्त, जुन्या गाडीची स्पोर्ट्स कार कशी करावी यावर एक पुस्तिका काढली होती. पुढे तो ब्रिटिश हवाई दलात गेला आणि १९६५मध्ये एडनमध्ये होता.

तो काळ लक्षात घ्या. डिसेंबर १९६३पासून एडनमध्ये आणीबाणी होती. इंग्रजांनी जावं म्हणून लढा चालू होता आणि ३० नोव्हेंबर १९६७ला ते गेलेही. अशा शहरात हेन्सच्या एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली आणि ती पुन्हा उभी करायला हेन्सची मदत मागितली. साम्राज्याने एडनचं काय केलं याचा हिशेब वेगळा मांडायला हवा, तो ह्या गाडीने फिटत नाही. पण त्या उघडलेल्या गाडीतून जे निघालं ते जगभरच्या सामान्य माणसाच्या हाती पडलं, म्हणून ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

हेन्सच्या लक्षात आलं की कंपनीचं अधिकृत मॅन्युअल साध्या गाडीमालकासाठी लिहिलेलंच नाही. अशी पुस्तकं एजन्सीच्या मेकॅनिकसाठी असत. ‘भाग काढा’ एवढं लिहिलं की झालं. तो गंजून जाम झाला असेल तर काय, हे नसे. हेन्सने कॅमेरा घेतला आणि इंजिन उघडून पुन्हा जोडेपर्यंत एकेक पायरीचे फोटो काढले. १९६६मध्ये त्याचं स्प्राइटवरचं पहिलं मॅन्युअल निघालं. तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या.

आता ही स्प्राइट. स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला श्रीमंताचं खेळणं आठवतं. १९५८ची स्प्राइट तशी नव्हती. बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, ९४८ सीसीचं छोटं इंजिन, आणि खालचे बरेच भाग साध्या घरगुती गाड्यांचे. पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए-३५ ह्या मध्यमवर्गीयांच्या गाडीतून उचललेलं. ही गाडी आज ज्यांच्याकडे आहे ते घरच्या शेडमध्ये तिचं सस्पेन्शन स्वतः उघडतात. ते काम नीट पाहिलं की मॅन्युअल का लागतं ते कळतं.

पुढच्या चाकाला वरून आणि खालून असे दोन हात धरतात. खालचा हात म्हणजे विशबोन, त्यावर गुंडाळीची स्प्रिंग बसते. वरचा हात स्वतंत्र नाहीच. शॉकपचाच दांडा तिथे हाताचं काम करतो. हा शॉकप आपल्याला ओळखीचा नळकांड्यासारखा नसतो. तेलाने भरलेली एक जड पेटी असते आणि तिच्यातून दांडा बाहेर येतो. दोन हातांच्या मध्ये उभा असतो किंगपिन. चाक डावी-उजवीकडे वळतं ते त्याच्याभोवती. किंगपिनच्या खालच्या टोकातून आटे पाडलेली एक आडवी पिन जाते, तिचे आटे विशबोनच्या टोकातल्या आट्यांत फिरतात आणि ती सरकू नये म्हणून पाचरीसारखी एक छोटी कॉटर पिन ठोकलेली असते.

सगळं दुखणं ह्या खालच्या कोपऱ्यात. तिथे ग्रीसचा निपल आहे, पण ग्रीस भरायला वाकावं लागतं, आणि वर्षानुवर्षं कुणी वाकत नाही. मग चिखल-पाणी आत जातं, कॉटर पिन जाम होते, आटे झिजतात. पिन नवी मिळते, पण विशबोनच्या टोकातले आटेच खाल्ले गेले असतील तर विशबोन बदलावा लागतो. किलोभर ग्रीसच्या आळसाची ही किंमत.

उघडताना पहिला धोका स्प्रिंगचा. ती दाबून बसवलेली असते. बोल्ट भराभर काढले तर सुटून माणसाचा हात मोडेल. म्हणून स्प्रिंगखालच्या ताटलीच्या चार बोल्टांपैकी समोरासमोरचे दोन काढून त्यांच्या जागी लांबलचक बोल्ट घालतात. मग उरलेले दोन काढायचे आणि लांब बोल्टांचे नट थोडा ह्या बाजूचा, थोडा त्या बाजूचा असे सोडत जायचं. ताटली हळूहळू खाली येते आणि स्प्रिंग निवांत हातात पडते. गाडी जॅकवर ठेवून हे करायचं नाही, चासीखाली पक्के स्टँड हवेत.

किंगपिनचे बुश घरी बदलता येतात, पण बसवल्यावर त्यांना एका रेषेत रीमर मारावा लागतो. रीमर महाग, वापर एकदाच. शहाणा माणूस तेवढा भाग लेथवाल्याकडे नेतो. शॉकपचंही तसंच. तेल कमी असेल तर घरी भरावं, दांड्याचा आस झिजला असेल तर नाद सोडून दुरुस्त केलेला आणावा. सगळं घरीच करेन हा हट्ट मला ह्या छंदातला भाबडेपणा वाटतो.

मागे आपली ओळखीची कमान. पण अर्धवट! ट्रकचा कमानपाटा दोन्ही टोकांना बांधलेला असतो आणि ॲक्सल मध्ये बसतो. स्प्राइटचा पाटा त्याच्या निम्मा: जाड टोक गाडीच्या पत्र्यात घट्ट आवळलेलं, बारीक टोकाला ॲक्सल. सगळा भार त्या पत्र्यावर, आणि पाणी साचतंही तिथेच. पाटे बदलण्याआधी स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचून पाहतात. आत गेला तर आधी वेल्डिंग. (‘कमान’ हा फारसी शब्द, म्हणजे धनुष्य. मराठीत तो दरवाजावरही चढला आणि ट्रकखालीही गेला.)

शेवटी रबरी बुश. त्यांचे नट गाडी वर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी गाडी चाकांवर उभी करायची, थोडी हलवायची, मगच शेवटचा आवळ.

ए-३५च्या आधीची ए-३० आली १९५१मध्ये. स्प्राइटची जुळी बहीण एमजी मिजेट बंद झाली १९७९मध्ये. इतकी वर्षं पुढच्या चाकामागची मांडणी मूळ तीच राहिली, म्हणून किंगपिन आणि बुश आजही नवे मिळतात. सुटे भाग आणि छापलेलं पान, ह्या दोन गोष्टींवर त्या गाड्या तगून आहेत.

आपल्याकडे ह्यातली कुठली विद्या नव्हती? गॅरेजच्या भाषेकडे बघा: उस्ताद, शागीर्द, मिस्त्री, कमान, पाना. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पाटे बसवणारा, बुश बदलणारा माणूस बऱ्याचदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. पण त्याची विद्या कानातून हातात गेली, कागदावर आली नाही. उर्दूत नाही, मराठीतही नाही. उस्ताद गेला की तीही जाते. आणि त्याचा शागीर्द आयटीआयच्या परीक्षेला बसतो तेव्हा जे काम तो डोळे मिटून करतो त्याचंच नाव त्याला प्रश्नपत्रिकेत ओळखता येत नाही. अशी मुलं मी वर्गात पाहतो. त्यांना ‘अभ्यासात कच्ची’ म्हणणं सोपं असतं.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाला मी निबंधासाठी नेहमीचा विषय दिला नाही. सुट्टीत तो मामूंच्या गॅरेजात जातो, म्हणून म्हटलं, जीपचा तुटलेला मेन पाटा कसा बदलतात ते लिही. त्याने दीड पान उर्दूत लिहिलं, अर्धे शब्द गॅरेजचे. क्रम चोख होता: चासीखाली स्टँड, ॲक्सलला जॅकचा आधार, यू-बोल्ट, मग दोन्ही टोकांचे बोल्ट. शेवटून दुसरी ओळ होती, ‘टोकांचे नट आत्ता फुल टाइट करायचे नाहीत, गाडी खाली घेतल्यावर करायचे.’

मी विचारलं, का रे?

“सर, आधी केले तर मामू ओरडतात.”

मी फळ्यावर रबराचा बुश काढला आणि त्याला विचारलं, गाडी खाली आल्यावर हा कुठल्या बाजूला पिळेल? तो थोडा वेळ बघत राहिला, मग त्याने खडू माझ्या हातातून घेतला.