कारभारी कोण, आतला की बाहेरचा?

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात निदान निम्मे पदाधिकारी त्याच उद्योगातले हवेत, अशी अट होती. बाकी बाहेरचे चालत. आम्हा गिरणी कामगारांत शिकलेले थोडे, नि मालकापुढे बोललं की नोकरी जायची. म्हणून १९२८ च्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे गिरणीतले, तर सरचिटणीस डांगे बाहेरचे. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात बाबासाहेब आमच्या बाजूने उतरले. तेही बाहेरचेच की!

२००१ च्या दुरुस्तीने संघटित उद्योगांतल्या बाहेरच्यांना एक तृतीयांश किंवा पाच, यांत जे कमी तेवढ्याच जागा ठेवल्या. कारभार कामगाराच्या हाती आला, हे आम्हाला पटते. पण तोवर १९८२ च्या संपाला १९ वर्षे उलटली होती, नि बहुतेक भोंगे बंद पडले होते.