आधी पाणी, मग छप्पर: डोंगरातल्या मुक्कामाची कुळकथा

कर्जतला लागून उल्हास नदीच्या काठी दहिवली वसलं आहे. पूर्वेला सह्याद्रीची कड आडवी पसरलेली आहे. राजमाची, ढाक, कोथळीगड, खांडसवरून भीमाशंकरला चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट, हे सगळं याच भागात येतं. सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या लोकलने कर्जतला उतरलेले भटके इथूनच डोंगराला भिडतात. त्यांच्यासाठी वर डोंगरात, विजेची तार आणि नळ नसतानाही चालेल असा छोटा निवारा कसा बांधावा, हा प्रश्न आज वास्तुविशारदांना नवा वाटतो. त्याचं कूळ मात्र दोन हजार वर्षांचं आहे आणि ते याच खोऱ्यात सापडतं.

राजमाचीच्या पायथ्याशी, दाट झाडीत कोंडाणे लेणी आहेत. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा. बौद्ध भिक्खू एरवी फिरत आणि पावसाळ्यात एका जागी वर्षावास करत. घाटवाटेलगतचं हे लेणं म्हणजे चालणाऱ्या माणसासाठी मुद्दाम आखलेला पावसाळी निवाराच. विहाराच्या छताकडे नीट पाहावं: दगडाला तुळयांची गरज नसते, तरी तिथे तुळया कोरल्या आहेत. चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी कमानी आणि कठडे जसेच्या तसे दगडात उतरवले आहेत. म्हणजे लेणं कोरणाऱ्या हातांना लाकडी बांधकाम पुरतं ठाऊक होतं. लाकूड कुजून गेलं, त्याची घडण दगडात राहिली. एका शिल्पाशेजारच्या लेखात ते घडवणाऱ्याचं नावही आहे: बलक, कण्हाचा शिष्य.

पुढची पिढी किल्ल्यांची, आणि तिचा पहिला प्रश्न पाण्याचा. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे उजाडला की डोंगरातल्या वाड्यांवर हंडे घेऊन वणवण सुरू होते. उतारावरचं पाणी थांबत नाही. यावर डोंगरातल्या माणसाने काढलेला तोडगा म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. अभंग काळा कातळ पाणी झिरपू देत नाही. टाकं आत कपारीत खोदलं आणि छताला आधार म्हणून खांब राखले की पाण्यावर ऊन पडत नाही, वाफ कमी होते, पालापाचोळाही कमी पडतो. अशा खांबटाक्यांचं पाणी भर उन्हाळ्यातही गार लागतं. पाण्याची सोय होईल तिथेच शिबंदीची घरटी उभी राहत. कोथळीगडावर तर कोरीव खांबांची ऐसपैस गुहा आहे आणि सुळक्याच्या पोटातूनच खोदलेला जिना माथ्यावर जातो. त्या गुहेत आजही भटके पथाऱ्या टाकतात.

या कुळातली सर्वांत शहाणी पिढी मात्र ठाकर आणि कातकरी घरांची आहे, कारण कोरीव कामाला लागणारं धन त्यांच्याकडे नव्हतं. डोंगर देईल त्यातच भागवायचं होतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. जांभळ्या फुलांनी उतार भरतो, बी पडतं आणि झुडूप वाळून जातं. मागे राहतात त्या बोटाएवढ्या जाडीच्या सरळ काठ्या. दुबेळक्याच्या मेढी जमिनीत रोवायच्या, आडव्या बांबूच्या कामट्या बांधायच्या, त्यांना कारवी उभी, काठीला काठी चिकटवून आवळायची, मग आतून-बाहेरून शेण-मातीचं लिंपण. झाला कूड. वजन इतकं कमी की सगळं सामान डोक्यावरून वर नेता येतं. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पावसाने लिंपण धुपलं तर दिवाळीच्या आत पुन्हा हात फिरवायचा. घर मोडलं तर सगळं मातीला मिळतं, डोंगरावर कचरा राहत नाही.

छप्पर आधी गवताचं, पुढे कौलाचं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला आणि ते कौल कोकणभर पसरलं. त्यानंतर पत्रा आला. तो वाहायला सोपा, पण दुपारी तापतो आणि पावसात कानठळ्या बसवतो.

मंगलोरी कौल आलं त्याच सुमारास युरोपातही असाच निवारा आकाराला येत होता. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने पहिली डोंगरझोपडी बांधली. २००९ साली उघडलेली मोंटे रोझाची झोपडी तर आपली बहुतेक वीज उन्हावरच मिळवते. कौतुक करावं असंच हे काम आहे, पण त्याची नक्कल इथे चालणार नाही. आल्प्समध्ये गर्दीचा काळ उन्हाळ्याचा. सह्याद्रीत भटके लोटतात ते जून ते सप्टेंबर, आणि नेमके तेव्हाच ढग आठवडाभर हटत नाहीत. सौर पॅनेलकडून रात्रीचे दोन दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग एवढीच अपेक्षा ठेवावी. शौचालय कोरडं असावं, कारण कातळावर मातीचा थर वीतभर आणि उताराखाली कुणाची तरी विहीर. खडकात सुरुंग लावू नयेत. मेढींवर घर तोलावं.

कुळाचा आणखी एक वारसा आराखड्यात काढून दाखवता येत नाही. ढाकच्या बहिरी देवाच्या गुहेत भांडी ठेवलेली असतात. येणाऱ्याने त्यांत रांधावं, खावं, घासून परत जागेवर ठेवावं. कुलूप नाही, पावती नाही. देवाचा धाक आणि पुढच्या माणसाची आठवण एवढ्यावर व्यवस्था चालते. कोथळीगडाखालच्या पेठ गावात आणि राजमाचीच्या उधेवाडीत भटका गावातल्या घरी उतरतो, पिठलं-भाकरी खातो, ओसरीवर झोपतो आणि पैसे थेट त्या घरात जातात. जिथे राखणारं कुणी असतं तिथलाच निवारा टिकतो. बाकी कितीही पक्कं बांधलं तरी दोन पावसाळ्यांत त्याची उकिरड्यासारखी दशा होते.

म्हणून दहिवलीपलीकडच्या डोंगरात कुणाला केबिन बांधायची असेल, तर त्याने नकाशा शहरात काढून वर नेऊ नये. आधी गावात बसावं. कुठलं टाकं बारा महिने पाणी धरतं, वारा कुठून मारतो, कारवी कधी तोडायची, हे गावाला विचारावं. गाळाने भरलेली जुनी टाकी उपसण्याने कामाला सुरुवात करावी, आणि निवाऱ्याची मालकी व कमाई त्याच वाडीकडे ठेवावी. एवढं झालं तर नवं घर याच कुळातलं ठरेल आणि डोंगरावर त्याचं ओझं होणार नाही.